कूलंट गाडी थंड करत नाही, मग ते घालायचं कशाला?

एप्रिल उजाडला की खंबाटकी, कसारा, बोरघाट, कुठल्याही चढावर एखादी गाडी बॉनेट उघडून कडेला उभी दिसतेच. बहुतेक वेळा जुनीच. बाजूला बिसलरीची बाटली हातात घेतलेला मालक आणि सल्ला द्यायला थांबलेले दोघं. एक म्हणतो, "साधं पाणी घाला हो, आमची गाडी वीस वर्षं पाण्यावरच चालली." दुसरा म्हणतो, "कूलंट नसेल, म्हणूनच तापली." दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच इंजिनं बसतात.

पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करून पुढची पाच वर्षं चालवायच्या गाड्या आता बऱ्याच घरांत आहेत. अशा गाडीचं ऑइल वेळच्या वेळी बदललं जातं, कारण त्याची सवय लागलेली असते. रेडिएटरमध्ये मात्र काय आहे, कधी भरलं होतं, पाणी किती आणि औषध किती, हे विचारलं तर मालक मेकॅनिककडे बघतो आणि मेकॅनिक आधीच्या मेकॅनिककडे बोट दाखवतो.

एक शब्दांचा घोळ आधी मिटवू. कॅनमधल्या रसायनालाही कूलंट म्हणतात आणि इंजिनात फिरणाऱ्या पाणीमिश्रित द्रवालाही. इथे कूलंट म्हणजे कॅनमधलं रसायन, आणि इंजिनात फिरतं ते मिश्रण.

उष्णता जाते कुठे

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमध्ये जळणारा वायू क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हेड, म्हणजे सिलिंडरांवर आवळून बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, त्याच ॲल्युमिनियमचं असतं. ते टिकतं, कारण त्याच्या पोकळ भिंतींतून सतत द्रव वाहत असतो.

फेरा साधा आहे. पंप द्रव ढकलतो, तो ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागातून, वर हेडमध्ये जातो, तिथून वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवतो आणि खालच्या पाइपने परत पंपाकडे येतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पोटातलं मेण गाडीप्रमाणे ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि वाट उघडते. एक फाटा डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जातो. छोट्या गाडीत हा सगळा माल साडेतीन ते पाच लिटर असतो, म्हणजे घरातल्या एका कळशीपेक्षाही कमी.

थंड करतं ते पाणीच

उष्णता उचलून नेण्यात पाण्याची बरोबरी करणारा स्वस्त द्रव दुसरा नाही. कूलंटमधलं मुख्य रसायन म्हणजे इथिलीन ग्लायकोल, आणि ते या कामात पाण्याच्या बरंच मागे आहे. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल केलं तर मिश्रणाची उष्णता धरण्याची ताकद नुसत्या पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी घटते. म्हणजे घाटातला पहिला सल्लागार इथपर्यंत बरोबर आहे. कूलंटने गाडी "जास्त थंड" राहत नाही.

मग त्याचं काम काय? पाण्याचे दोन दुर्गुण झाकायचे. पाणी १०० अंशांना उकळतं, आणि पाणी धातू खातं. तिसरा दुर्गुण गोठण्याचा. महाराष्ट्रात तो कामाचा नाही, पण जुनी गाडी घेऊन लेहला निघाला असाल तर ३० टक्के ग्लायकोलचं मिश्रण उणे १५ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, एवढं लक्षात असू द्या.

उकळण्याची गोष्ट, आणि स्वस्तातलं झाकण

डोश्याचा तवा फार तापला की त्यावर शिंपडलेला पाण्याचा थेंब चटकन आटत नाही, नाचत पळतो. त्याच्याखाली वाफेची गादी तयार झालेली असते आणि ती गादी थेंबाला तव्याला टेकू देत नाही. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, शेजारी नेमकं हेच होऊ शकतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध असला तरी त्या जागी धातू इतका तापलेला असतो की त्याला लागलेलं पाणी उकळतं. वाफ तिथे साचून राहिली की मागून येणारं पाणी धातूपर्यंत पोचतच नाही, आणि तेवढाच भाग भाजत राहतो.

उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे: दाब वाढवा. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कारण शिट्टी दाब धरून ठेवते. रेडिएटरचं झाकण ही तीच शिट्टी. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो, काही झाकणांवर ८८ किंवा १०८ असा किलोपास्कलमध्ये. ०.९चं झाकण धड असेल तर नुसतं पाणीसुद्धा ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं ग्लायकोल घातलं तर हाच आकडा १२५च्या थोडा वर जातो.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. झाकण एकोणीस अंश देतं आणि कूलंट सात-आठ. तरीही महागडं कूलंट भरून वर पंधरा वर्षांचं, रबर कडक झालेलं झाकण लावणारे कमी नाहीत. जुन्या गाडीत तापण्याचा शोध झाकणापासून सुरू करावा, कारण ते सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत शेवटी बघितलं जातं.

गार इंजिनावर झाकण काढून हातात घ्या. खाली मोठी स्प्रिंग आणि रबरी वायसर दिसेल. रबरावर कायमची खोल रेघ उमटली असेल, चिरा पडल्या असतील किंवा ते नखाने दाबलं जात नसेल तर झाकण गेलं. मधोमध एक छोटी चकती असते, ती नखाने ओढली की थोडी उघडून टपकन परत बसायला हवी. ही चकती उलट्या दिशेचा व्हॉल्व्ह आहे. इंजिन निवताना आतला द्रव आकसतो, तेव्हा ती उघडते आणि बाजूच्या रिझर्व्ह बाटलीतून द्रव परत आत ओढला जातो. रात्री गाडी निवल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर ही चकती चिकटली आहे किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तुंबली आहे.

नवीन झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं म्हणजे चांगलं असं नाही. जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जास्तीच्या दाबाला आधी चिरतात. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही आणि जाड प्लॅस्टिकची टाकी दाब धरते, तिथे हे सगळं त्या टाकीच्या फिरकीच्या झाकणाला लागू.

गंज आणि खार

इंजिनात ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, पोलाद, आणि जुन्या रेडिएटरमध्ये तांबं, पितळ आणि झाळण्याचं शिसं-कथील, असे पाच-सहा धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी म्हणजे बॅटरीच. ती काही दिवा लावत नाही, पण त्यातला कमजोर धातू रोज थोडा-थोडा विरघळतो. सहसा मार खातं ते ॲल्युमिनियम. म्हणून पाण्यावर चाललेल्या गाडीचं हेड उतरवलं की पाण्याच्या छिद्रांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात.

दुसरं म्हणजे खार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल ज्यांनी बदलली आहे त्यांना सांगायला नको. पाणी जिथे सगळ्यांत गरम, तिथे पांढरा थर आधी बसतो, म्हणजे इंजिनात नेमका एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. इंजिनाला आतून गोधडी पांघरल्यासारखंच.

कूलंटच्या कॅनमध्ये ग्लायकोलखेरीज काही टक्के गंजरोधक रसायनं असतात, आणि जुन्या गाडीसाठी खरी किंमत त्यांचीच. ती धातूवर पातळ संरक्षक थर धरतात आणि मिश्रण आम्ल होऊ देत नाहीत. पण ती खर्च होतात. ग्लायकोलही वर्षानुवर्षं तापून आणि हवा लागून सावकाश आम्लात बदलतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं कूलंट हिरवंगार दिसतं, चाचणीत ग्लायकोल पुरेसं निघतं, आणि तरीही ते आतून धातू खात असतं. गॅरेजमधला दुर्बिणीसारखा रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकोल मोजतो, गंजरोधक नाही. "टेस्ट केलं, चांगलं आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तारीख बघा.

"पण वीस वर्षं पाण्यावर चालली की!"

चाललीच. ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रेडिएटर तांब्या-पितळेचे, जाड नळ्यांचे होते. गळले की झाळून घ्यायचे, तुंबले की टाक्या उकलून नळ्यांत रॉड मारून घ्यायचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, आणि त्या पिढीबरोबर रॉड मारणारे कारागीरही कमी झाले. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली ती ॲल्युमिनियमचं हेड घेऊन. पुढे रेडिएटरही ॲल्युमिनियमचे झाले, नळ्या चपट्या आणि अरुंद, टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा नुसत्या दुमडून बसवलेल्या. असल्या रेडिएटरला ना झाळता येतं ना रॉड मारता येतो. पाण्याने तो खराब केला की नवाच घ्यावा लागतो.

शिवाय "पाण्यावर चालली" म्हणणाऱ्या गाडीचा वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, तो किती वेळा बदलला हेही विचारून बघा. पंपाच्या सीलला गंजाचे बारीक कण घासत राहतात.

रंग बघून घेऊ नका

हिरवं जुन्या गाडीला, लाल नवीनला, असा समज पक्का बसला आहे. रंग हा नुसता रंग आहे, कंपनीच्या मर्जीचा. आत काय आहे ते लेबलावर शोधायचं.

ढोबळ प्रकार दोन. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट किंवा फॉस्फेटसारखी खनिज रसायनं असतात. ती पटकन संरक्षण देतात आणि पटकन संपतात, म्हणून दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटर ही मुदत. दुसऱ्यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, ते सावकाश काम करतात आणि पाच वर्षंही टिकतात. दोन्हींची सांगड घातलेली मिश्र कूलंटही मिळतात, आणि जपानी-कोरियन गाड्यांत फॉस्फेटवाली मिश्र जात सर्रास असते.

गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितलंय ते घ्या. पुस्तिका हरवली असेल आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर "तांबे, पितळ, झाळ यांना सुरक्षित" असं लेबलावर स्पष्ट लिहिलेलंच घ्या. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख हवा. यातलं काहीच नाही, नुसताच इंजिनाचा फोटो आणि "सुपर कूल" असं लिहिलेलं स्वस्त रंगीत पाणी दुकानात भरपूर असतं. त्यापेक्षा बॅटरीचं पाणी बरं, निदान ते कबूल तरी करतं की ते पाणी आहे.

दोन जाती मिसळल्या तर लगेच काही फुटत नाही. पण गंजरोधकं एकमेकांना निकामी करतात आणि काही जोड्यांत जेलीसारखा गाळ धरतो. आत काय आहे ठाऊक नसेल तर वरून ओतत बसू नका, सगळं काढून नव्याने भरा.

पाणी कुठलं, आणि किती

बोअरचं नाही, विहिरीचं नाही. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी घ्या. त्यातले क्षार काढलेले असतात. घरच्या आरओचं पाणी त्याच्या खालोखाल. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी "डिस्टिल्डच असतं" म्हणून भरणारे आहेत. क्षार त्यात नसतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ, शेवाळ आणि धातूचे अंश घेऊन ते येतं. फुकट मिळतं म्हणून इंजिनात घालू नये.

प्रमाणाचं म्हणाल तर आपल्या हवेत ३० ते ५० टक्के कूलंट ठीक. ३०च्या खाली गेलं की गंजरोधक पुरत नाही. "जितकं जास्त तितकं चांगलं" म्हणून निव्वळ कूलंट भरणं ही वेगळीच चूक. ते घट्ट असतं, उष्णता कमी नेतं, आणि गाडी उन्हाळ्यात हमखास तापते. जुन्या गाडीला ४० टक्के हा सोयीचा आकडा आहे.

कॅन घेताना तो कॉन्सन्ट्रेट आहे की पाणी मिसळलेला तयार माल, हे वाचून घ्या. या एका ओळीवरून पुढचं सगळं गणित फिरतं.

बदलताना नेमकी चूक कुठे होते

गाडी पूर्ण गार, सपाट जागेवर, नाक किंचित वर असेल तर उत्तम. हीटरची कळ पूर्ण गरमवर, म्हणजे हीटरचा फाटाही उघडा राहील. झाकण काढा, खाली टब ठेवा, रेडिएटरचा ड्रेन नॉब सोडा. जुन्या गाडीत तो प्लॅस्टिकचा नॉब तुटायलाच टेकलेला असतो, त्यापेक्षा खालच्या होजची क्लिप सैल करणं बरं. जे निघेल ते मापून ठेवा.

चहासारखं तपकिरी निघालं तर साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन चालू करा, वरचा होज गरम होईपर्यंत थांबा, कारण तोवर थर्मोस्टॅट उघडत नाही आणि ब्लॉकमधली घाण फिरत नाही. बंद करा, पूर्ण निवू द्या, परत काढा. स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार फेऱ्या होतात. शेवटची फेरी बॅटरीच्या पाण्याने करा.

आता चूक. रेडिएटर रिकामा झाला म्हणजे गाडी रिकामी झाली नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं. समजा पुस्तिकेप्रमाणे एकूण माल ४ लिटर आणि टबात निघालं अडीच. म्हणजे दीड लिटर पाणी अजून आतच आहे. वरून अडीच लिटर तयार ५०-५० मिश्रण ओतलं तर कूलंट सव्वा लिटरच गेलं, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण ३१ टक्के. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेटच वापरा: ४ लिटरच्या ४० टक्के म्हणजे १.६ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, आणि वर मावेल तेवढं, साधारण ९०० मिलिलिटर, बॅटरीचं पाणी.

भरताना सावकाश धार धरा आणि मधूनमधून वरचा होज हाताने दाबा, बुडबुडे निघतील. काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असतो, तो सैल करून त्यातून सलग धार येईपर्यंत थांबा. मग झाकण न लावता इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घाला. झाकण लावा, रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या, बाटली खुणेपर्यंत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीत पुन्हा बघा, बहुतेक वेळा पाव लिटर आणखी मावतं. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येत असेल किंवा हीटर गार हवा फेकत असेल तर आत हवा अडकली आहे.

"पण फ्लश केल्यावर रेडिएटर गळायला लागला" ही तक्रारही खोटी नसते. पंधरा वर्षांच्या खाराने आणि गंजानेच कधीकधी भोकं बुजवलेली असतात, तीव्र केमिकलने ती मोकळी होतात. म्हणून फार जुन्या गाडीत फ्लशचं केमिकल न वापरता नुसत्या पाण्याच्या चार फेऱ्या जास्त शहाणपणाच्या. जो रेडिएटर खाराच्या आधाराने उभा होता तो एरवी घाटातच गेला असता.

कमी तर होतंय, पण गळत नाही

बंद फेऱ्यात पाणी "आटत" नाही. महिन्याला बाटलीत जरासं कमी झालं तर ठीक, दर आठवड्याला अर्धा लिटर लागत असेल तर ते कुठेतरी जातंय.

वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून थेंब येतो. गरम इंजिनावर तो पडता-पडता सुकतो आणि मागे फक्त पांढरा किंवा हिरवा डाग उरतो. होजच्या टोकांना, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या दुमडीला असेच डाग शोधा. डाव्या बाजूच्या सीटखालचा गालिचा चिकट-ओला, आत गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटरची जाळी गळते आहे.

आणि सगळ्यांत वाईट, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील जाणं. सकाळी गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज दाबून बघा. तो अजून गार आहे आणि तरी दगडासारखा कडक झाला, तर आत वाफेचा नव्हे, सिलिंडरमधल्या वायूचा दाब शिरतोय. झाकण उघडं ठेवून रेस दिल्यावर सतत बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही निघणारा पांढरा गोडसर धूर, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर, ही बाकीची लक्षणं. पावसाळ्यात रोज दोनच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीतही हा फेस थोडा धरतो, तेवढ्याच एका खुणेवरून हेड उतरवू देऊ नका.

एक फसवी गोष्ट आणखी: बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. झाकण किंवा नळी हवा खात असेल तर निवताना बाटलीतलं पाणी ओढलंच जात नाही. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी गार गाडीचं झाकण उघडून आत बोट बुडतं का ते बघायचं.

हळद, पावडर आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची ही ट्रकवाल्यांची जुनी युक्ती. ती चालते, कारण हळद फुगून भोकात अडकते. बाटलीतलं स्टॉप-लीकही त्याच तत्त्वावर चालतं. अडचण अशी की कुठलं भोक बुजवायचं आणि कुठली नळी मोकळी ठेवायची हे हळदीला कळत नाही. जंगलात अडकला असाल तर घाला, घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा त्याहून वाईट प्रकार, कारण तो कायमचा उपाय म्हणून विकला जातो. "आपल्या हवेत लागत नाही, काढून टाकलाय, आता तापणार नाही." त्यानंतर इंजिन हायवेला कधीच नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधली ओल उडत नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांत याच थर्मोस्टॅटची खालची चकती, वाट उघडली की बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, बंद करते. ती काढली की गरम द्रवाचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच परत फिरतो, आणि नेमकी चढावर गाडी तापते. जुना व्हॉल्व्ह तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि उकळीच्या आत पूर्ण उघडला तर परत बसवा. नाही तर नवीन आणा, काही शे रुपयांचा प्रश्न आहे.

फॅनचीही परीक्षा घ्या. एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन लागलाच पाहिजे. लागला नाही तर एसी चालू करा. एसीवर तोच फॅन फिरला तर मोटर धड आहे, गेलाय तो स्विच, सेन्सर किंवा रिले. रेडिएटर बाहेरून धुताना धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, आणि साध्या नळाने. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेली माती, पिसं आणि किडे तशाच निघतात. जेटने रेडिएटरच्या पातळ पत्र्या मुडपतात.

घाटात काटा चढला तर

आधी एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात. मे महिन्यात हे जीवघेणं वाटतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तिसऱ्यात इंजिन दडपत चढण्यापेक्षा दुसऱ्या गिअरला या. पंप इंजिनाबरोबर फिरतो, आवर्तनं वाढली की द्रवही जास्त फिरतो.

काटा लाल रेघेच्या आत असेल, वाफ नसेल आणि फॅन फिरत असेल तर बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवा. लगेच बंद केलं तर पंप थांबतो आणि धातूतली उष्णता आहे तिथेच साचते. पण काटा लालमध्ये असेल, वाफ येत असेल किंवा खाली धार लागली असेल तर ताबडतोब बंद. आणखी एक किलोमीटर रेटलेली गाडीच गॅस्केट उडवते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ब्लॉकला आवळलेलं हेड मग वाकतं, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून जास्त वाक चालत नाही. पुढे लेथवर नेऊन फेस मारून, म्हणजे हेडचा तळ सपाट करून, आणणं आलं.

काटा एकदम खाली पडला तरी खूश होऊ नका. काट्याचा सेन्सर द्रवात बुडलेला असतो. द्रवच उरला नाही तर तो हवेत लोंबकळतो आणि गाडी जळत असताना "गार" दाखवतो.

झाकणाला हात लावायचा नाही. आत ११० अंशांचा द्रव दाबामुळे गप्प असतो; झाकण सैल झालं की दाब जातो, सगळ्याची एकदम वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. पाऊण तास थांबा, वरच्या होजवर हात सहज ठेवता आला पाहिजे. मग जाड ओला फडका टाकून पाव फेरी फिरवा, पहिल्या अडथळ्याला थांबा, सुस्कारा संपू द्या, मग दाबून काढा. पाणी ओतायचं ते इंजिन चालू करून, बारीक धारेने. तापलेल्या कोरड्या इंजिनात गार पाण्याची बादली ओतली की हेडला तडा जातो. या वेळेला बिसलरीचं, हॉटेलमधलं, कुठलंही पिण्याचं पाणी चालेल. घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरा.

जुन्या कूलंटचं काय करायचं

काढलेलं कूलंट गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, आणि उघड्या टबात अंगणात ठेवूही नका. ग्लायकोल चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं आणि लहान मुलं ते पितात. मांजराला चहाचे एक-दोन चमचे पुरतात, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ते दोन-तीन दिवसांनी मरतं तेव्हा कोणाला टब आठवतही नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक "विष" लिहा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, पण ऑइलच्या कॅनमध्ये मिसळू नका. जमिनीवर सांडलेल्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो भरून घ्या, आणि जागा भरपूर पाण्याने धुवा.